प, र, क, त

२००४ साली बारामतीत इंजिनिअरिंगला असताना लॅबमधल्या लिनक्सवर मी पहिल्यांदा विम हा एडिटर उघडला. शेल स्क्रिप्टचं प्रॅक्टिकल होतं. टाइप करू लागलो तर अक्षरं उमटेनात, मधेच एखादी ओळ गायब व्हायची. बाहेर पडायची वाट सापडेना, शेवटी मशीनच बंद केलं. इंदापूरला परतताना एसटीत भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी मागे पडली तरी डोक्यात एकच प्रश्न होता: लिहायच्या प्रोग्रॅममध्ये लिहिता का येत नाही?

दुसऱ्या दिवशी एका सीनियरने सांगितलं, "आधी आय दाब, मग लिही. झालं की एस्केप." विम उघडतो तोच नॉर्मल मोडमध्ये आणि तिथे प्रत्येक कळ म्हणजे हुकूम. एक्सने अक्षर पुसायचं, दोनदा डी दाबून ओळ उडवायची, यूने चूक मागे घ्यायची. त्यानेच 'विमट्यूटर' दाखवला. अर्ध्या तासाचा तो धडा मी आठवडाभर रोज केला. हात बसायला दोन महिने गेले.

या रचनेमागचं कारण मला खूप उशिरा कळलं. बिल जॉयने १९७६च्या सुमारास बर्कलीत विमचा पूर्वज व्हीआय लिहायला घेतला, तेव्हा घरून तो ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा. म्हणजे सेकंदाला जेमतेम तीस अक्षरं. स्क्रीन भरायला मिनिटाच्या वर. एका कळीत एक काम उरकणं ही तिथली गरज होती. त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण छापलेले होते तेही एच, जे, के, एल या कळांवर; विममध्ये कर्सर हलतो तो याच कळांनी.

आमची अडचण विजेची होती. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत वीज गेली की कॉम्प्युटर जागीच बंद. पण विम दर दोनशे अक्षरांनी, किंवा चार सेकंद हात थांबला की, स्वॅप फाईलमध्ये मजकूर टाकत राहतो. वीज आल्यावर रिकव्हर केलं की शेवटचा थोडासा मजकूर सोडून सगळं परत. माझा अख्खा प्रोजेक्ट रिपोर्ट असा वाचला. विमवर माझा जीव जडला तो तेव्हापासून.

मराठी लिहायला लागलो तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यापासून. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला की एस्केप दाबल्यावरही एच, जे, के, एलच्या जागी प, र, क, त जायचे आणि कर्सर जागचा हलायचा नाही. आयच्या जागी ग, कोलनच्या जागी छ. मग विमची कीमॅपची सोय सापडली: फक्त इन्सर्ट मोडमध्ये देवनागरी, हुकूम इंग्रजी कळांवरच. फाईल मी स्वतः बनवली, एकेक अक्षर तपासत. इतकी वर्षं तीच वापरतोय.

३ ऑगस्ट २०२३ला ब्रॅम मोलेनार गेले. १९८८ साली अमिगावर विम लिहायला घेतलेला हा माणूस पैसे मागायचा ते युगांडातल्या मुलांसाठी. ते आवाहन मी सुरुवातीच्या स्क्रीनवर शेकडो वेळा पाहिलं होतं, वाचलं मात्र त्या दिवशी.

एक गोष्ट अजून राहिलीय. 'क्ष'वर एक्स दाबला की 'क्' जातो आणि 'ष' उरतो. आपल्याला ते एकच अक्षर दिसतं, विमला दोन.