पेजेनं अंग भरत नाही

उतारवयातली सोबत : लेखांक 6

बंड्याच्या जेवणाची वेळ झाली की आमच्या घरातली तीन माणसं स्वयंपाकघराच्या दारात गोळा व्हायची. आई वाटी घेऊन पुढे, मी फरशीवर मांडी घालून, आणि मागे उभा राहून नवरा म्हणत असायचा, “खा रे राजा, एक घास.” बंड्या ताटलीकडे एकदा बघायचा, जिभेनं नाक चाटायचा, आवंढा गिळायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. तेरा वर्षांचा गावठी कुत्रा, ऐन उमेदीत कट्ट्यावरची मटणाची पिशवी घेऊन पसार झालेला. आम्ही म्हणायचो, म्हातारपणी नखरे सुचायला लागले.

नाक चाटणं, पुन्हापुन्हा आवंढे गिळणं, लाळ गळणं, अन्न पुढे आलं की मान फिरवणं ही सगळी मळमळीची लक्षणं आहेत, हे आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. मधले दोन महिने कधी पातळ शी, कधी पहाटे पिवळं पाणी ओकणं, कधी पोटात गुडगुड असं चालूच होतं. आतड्यांना जुनाट सूज असल्याचं निदान झालं तेव्हा तो 16 किलोंवरून 14 किलोंवर आला होता. ऐकायला दोनच किलो. पण 64 किलोंचा माणूस 56 वर यावा तसं ते झालं. वजन दहा टक्क्यांपेक्षा जास्त घटलं की डॉक्टर ते गंभीर धरतात.

म्हणून या लेखातली पहिली गोष्ट स्वयंपाकाची नाही, औषधाची आहे. पोटात ढवळत असताना पंचपक्वान्नं मांडली तरी कोण जेवेल? कुत्र्यांच्या उलटी-मळमळीवर मॅरोपिटंट नावाचं औषध देतात, भूक वाढवण्यासाठी कधी मिर्टाझापिन देतात. हे दुसरं मुळात माणसांच्या नैराश्यावरचं औषध. दोन्ही डॉक्टरांनी वजन, यकृत आणि मूत्रपिंडं बघून ठरवायची. घरातल्या औषधांच्या डब्यात हात घालायचा नाही. मळमळ आटोक्यात आल्यावर तिसऱ्या दिवशी बंड्या स्वतःहून स्वयंपाकघरात आला. ताटलीत तोच कालचा भात होता.

आता माझी चूक सांगते. पोटासाठी दिलेली एक कडू गोळी मी कुटून त्याच्या चिकन-भातात कालवली. पहिल्या घासाला त्याला कळलं. त्यानंतर तीन आठवडे त्यानं चिकन-भाताला तोंड लावलं नाही, गोळी नसलेल्यालाही. 1955 साली अमेरिकेत जॉन गार्सिया यांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. गोडवलेलं पाणी पीत असताना उंदरांवर किरणांचा मारा झाला. नंतर त्यांना ते गोड पाणी नको झालं. बिघडलेल्या पोटाचा दोष त्या चवीवर बसला. लहानपणी तापात खाल्लेला एखादा पदार्थ आयुष्यभर नको होतो, त्यातलाच हा प्रकार, आणि त्याला एकच अनुभव पुरतो. तेव्हा गोळी जेवणात घालू नका. वेगळ्या वेळी, पनीरच्या बोटभर तुकड्यात, नाहीतर सरळ जिभेच्या मुळाशी ठेवून द्या. आणि जो आहार पुढे कित्येक महिने चालवायचा आहे, तो ऐन उलट्यांच्या दिवसांत पुढे करू नका. तो जपून ठेवा.

मग प्रश्न येतो ‘पुरेसं’ म्हणजे किती? आपल्याकडे आजाऱ्याला पेज द्यायची रीत आहे. आईनं बंड्यालाही दिली. तो वाटीभर प्यायला की घरात आनंदीआनंद. पण पेजेत पाणीच फार. पोट भरतं, अंग भरत नाही. चिकनच्या पाण्याचंही तेच. वासाला उत्तम, पोषणाला फारसं नाही. हिशेब कॅलरीत करावा लागतो आणि तो अवघड नाही. कुत्र्याचं किलोतलं वजन गुणिले 30, त्यात 70 मिळवायचे. अगदी चिमुकल्या आणि अगदी अवाढव्य कुत्र्यांना हे सूत्र लागू पडत नाही, बाकीच्यांना चालतं. 14 किलोंच्या बंड्यासाठी 490. ही नुसतं पडून राहण्याची गरज. घरात हिंडण्याफिरण्याला थोडं आणखी लागतं. शिजलेल्या अडीचशे ग्रॅम भातातून सुमारे 325 मिळतात, आणि कातडं काढून उकडलेल्या शंभर ग्रॅम चिकनच्या छातीतून 165. बेरीज 490. म्हणजे भरलेल्या दोन वाट्या भात आणि मूठभर चिकन, दिवसभरात. आम्ही तीन दिवस जे पोटात गेलं तेवढंच काट्यावर मोजून लिहिलं, तेव्हा बंड्या जेमतेम 200 वर चालला होता. चिकन वेचून खायचा, भात तसाच.

इथे प्रत्येक मराठी घरात एकाच उपायाकडे हात जातो : साजूक तूप. चहाच्या चमचाभर तुपात 45 कॅलरी, मोह होणारच. पण स्निग्ध पदार्थ जठर उशिरा रिकामं करतात, मळमळ वाढवू शकतात, आणि स्वादुपिंडाला सूज असेल तर महागात पडतात. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय तूप, चिकनचं कातडं, मटणाची चरबी नको. माणसांच्या रश्श्यातलं चिकन धुऊन देणंही नको. कांदा-लसूण रश्श्यात उतरलेला असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.

‘भात कुत्र्याचं अन्नच नाही’ असं सांगणारे हल्ली पुष्कळ भेटतात. 2013 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात लांडग्याकडे पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या दोनच प्रती सापडल्या, कुत्र्यांकडे चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उंबऱ्याशी राहून कुत्रा भाताला सरावला आहे. मात्र नुसत्या चिकन-भातावर वर्ष काढता येत नाही. त्यात कॅल्शियम, जस्त आणि आणखी बरंच कमी पडतं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठानं घरगुती श्वानाहाराच्या 200 पाककृती तपासल्या, तर 95 टक्क्यांत निदान एक आवश्यक घटक अपुरा होता. पंधरा-वीस दिवसांच्या पुढे जायचं तर आहार डॉक्टरांकडून आखून घ्या.

खरी ओढाताण वेगळीच असते. आतड्याच्या आजारात डॉक्टर सांगतात, एकच ठरावीक अन्न द्या, निदान दोन आठवडे, दुसरं काहीही नको. पुष्कळ कुत्री एवढ्यानंच सुधारतात. आणि त्याच वेळी कुत्रा वाळत चाललेला असतो, म्हणून घरचे म्हणतात, खाईल ते द्या. दोन्ही एकदम होत नाही. शेजारच्या काकूंचं एक बिस्कीटही पहिल्या प्रयोगाची माती करतं. माझं मत असं : वजन वेगानं उतरत असेल तर आधी खाणं, प्रयोग मागाहून. पण हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “आत्ता कशाला महत्त्व?” आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, “ताई, दहा दिवस तो जे खाईल ते, पण तेलकट नको.” त्या दहा दिवसांत बंड्या उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक, लाल भोपळा आणि दहीभातावर जगला.

रक्त तपासताना बी-12 मोजायला सांगा, हे न विसरता. हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. तिथे सूज आली की ते घटतं, आणि ते घटलं की भूकही मरते. आजारानं भूक मारायची, भूक नसल्यानं आजार वाढायचा, असं ते चक्र. बंड्याला आठवड्याला एक अशी सहा इंजेक्शनं दिली. दुसऱ्यानंतरच तो संध्याकाळी ताटलीपाशी वाट बघायला लागला.

वाढण्याची पद्धत आम्ही बदलली ती अशी. दोनदाऐवजी चारदा, थोडं थोडं. फ्रीजमधून काढलेलं अन्न कोमट करून, कारण म्हाताऱ्या नाकाला थंड अन्नाचा वास लागत नाही. खोल वाडग्याऐवजी पसरट ताटली, पाटावर ठेवलेली, कारण त्याची मान आणि पुढचे खांदे आखडलेले होते. जागाही बदलली; जुन्या कोपऱ्यात त्याला गोळीच आठवत असावी. आणि सगळ्यात अवघड म्हणजे आम्ही तिघांनी तिथून उठून जायचं. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं उचलायचं, एक शब्द न बोलता. आईला हे निर्दयपणाचं वाटलं. पण पाहुण्याला आग्रह करकरून वाढणाऱ्या घरात वाढलेल्या आपण बायका; आजारी कुत्र्याला त्या आग्रहाचाच जाच होतो.

जबडा उघडून पिचकारीनं भरवणं मी दोनदा केलं, पुन्हा करणार नाही. घास श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसांना सूज येते, आणि अन्नाचा तिटकारा वाढतो तो वेगळाच. खाणं खरोखर सुटलंच तर मानेतून अन्ननलिकेत नळी बसवून भरवता येतं. ऐकायला भयंकर वाटतं, पण कुत्रा घरी राहतो आणि सगळं अन्न पोटात जातं. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण खाणं देऊ नका. गरजेच्या पाव ते एक तृतीयांशापासून चढवत न्यायचं असतं, नाहीतर रक्तातले क्षार अचानक घसरतात. चोवीस तास पोटात काहीच नाही, पाणीही ठरत नाही, शी डांबरासारखी काळी, किंवा पोट फुगलेलं दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं उभं राहायचं, वजाबाकी करायची. आमच्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी दर रविवारच्या चौकटीत एक आकडा आहे. 14.0 पासून सुरुवात, मध्ये एकदा 13.8, परवाच्या रविवारी 14.9. तुमच्या घरी दहा वर्षांपुढचा कुत्रा असेल, तर तो आज व्यवस्थित जेवत असला तरी या रविवारी पहिला आकडा लिहून ठेवा.