यादीवरील गणनेची संक्षिप्तता (प्रोग्रॅमिंग भाषा)

यादीवरील गणनेची संक्षिप्तता म्हणजे संख्यांच्या यादीची बेरीज, सरासरी यांसारखी साधी गणना एखाद्या प्रोग्रॅमिंग भाषेत किती थोडक्या चिन्हांत मांडता येते याचे मोजमाप होय. भाषांची तुलना करताना हा निकष वापरला जातो.

इतिहास

कॅनेडियन संगणकशास्त्रज्ञ केनेथ आयव्हरसन यांनी १९६२ मध्ये 'अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज' या ग्रंथात मांडलेल्या गणिती लेखनपद्धतीतून एपीएल ही भाषा विकसित झाली. त्यांना १९७९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. एपीएलसाठी विशेष चिन्हांचा कळफलक लागे. पुढे आयव्हरसन व रॉजर हुई यांनी केवळ आस्की चिन्हे वापरणारी जे ही भाषा तयार केली.

सरासरीचे उदाहरण

३, ५ आणि १० या यादीची सरासरी ६ आहे. सी भाषेत ती काढण्यासाठी बेरजेचे चल शून्य करावे लागते, यादीची लांबी वेगळी ठेवावी लागते आणि आवर्तनाने एकेक घटक मिळवावा लागतो. शेवटचा भागाकार दोन पूर्णांकांमध्ये झाल्यास अपूर्णांकी भाग गळून पडतो. पायथनमध्ये बेरीज आणि लांबी यांची अंगभूत फंक्शने असल्याने एक ओळ पुरते. हास्केलमध्येही एक ओळ पुरते. मात्र लांबी पूर्णांक असल्याने भागाकारापूर्वी तिचे रूपांतर स्पष्टपणे लिहावे लागते.

जे भाषेत संपूर्ण व्याख्या अशी होते:

+/ % #

येथे +/ म्हणजे घटकांमध्ये अधिक चिन्ह घालून केलेली बेरीज, % म्हणजे भागाकार आणि # म्हणजे घटकांची संख्या. तीन फंक्शने शेजारी ठेवल्यावर बाहेरील दोन्ही यादीवर लागू होतात व मधले त्यांची उत्तरे जोडते. त्यामुळे यादीचे नावही लिहावे लागत नाही.

मर्यादा

संक्षिप्त लेखनात आवर्तनाच्या सीमेवरील चुकांना वाव उरत नाही, परंतु काही निर्णय भाषेच्या नियमांत दडून राहतात. रिकाम्या यादीची सरासरी शून्य भागिले शून्य ठरते. जे भाषेत तिचे उत्तर ० येते, डायलॉग एपीएलच्या मूळ मांडणीत १ येते, तर पायथन त्रुटी दाखवून थांबते. म्हणून कमी चिन्हे म्हणजे अधिक सुबोधता असे समीकरण मांडता येत नाही. वाचकाला त्या चिन्हांमागील नियम ठाऊक असावे लागतात.

हे सुद्धा पहा

एपीएल
फंक्शनल प्रोग्रॅमिंग