एकाच फलंदाजाच्या दोन नाबाद खेळी

विश्वचषकाच्या दफ्तरात सुनील गावसकर यांच्या दोन खेळी अशा आहेत, की नाव झाकून दाखवल्या तर त्या एकाच माणसाच्या आहेत हे कुणाला पटू नये. ७ जून १९७५, लॉर्ड्स : १७४ चेंडूंत नाबाद ३६. ३१ ऑक्टोबर १९८७, नागपूर : ८८ चेंडूंत नाबाद १०३. मधे बारा वर्षं गेली, आणि त्या बारा वर्षांत भारत एकदिवसीय क्रिकेट शिकला.

१९७५चा तो सामना म्हणजे पुरुषांच्या पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. साठ षटकं, पांढरे कपडे, लाल चेंडू. डेनिस अ‍ॅमिसच्या १३७ धावांच्या जोरावर इंग्लंडने ४ बाद ३३४ केल्या. एकदिवसीय सामन्यात तोवर कुणीही एवढी मजल मारलेली नव्हती. (आज विश्वचषकातला उच्चांक ४२८वर गेलाय, तोही पन्नास षटकांत.) गावसकर सलामीला आले आणि साठावं षटक संपलं तेव्हाही तिथेच होते. अख्ख्या खेळीत चौकार एक. भारत ३ बाद १३२. सात गडी हाताशी राखून २०२ धावांनी हार! वैतागलेले काही प्रेक्षक तर मैदानात शिरून त्यांना विनवण्या करू लागले. संघाचे व्यवस्थापक जी. एस. रामचंद यांनीही नाराजी लपवली नाही. गुण समान झाले तर धावगती मोजली जाणार होती, त्यामुळे सामना हातचा गेला तरी धावांचं मोल होतंच.

या खेळीवरून गावसकरांना आजही टोमणे बसतात. पण सगळं खापर एकट्याच्या माथी फोडणं बरोबर नाही. इंग्लंडच्या कौंटी संघांना मर्यादित षटकांच्या सामन्यांची सवय १९६३पासूनची. आपल्याकडे प्रा. दि. ब. देवधरांच्या नावाची स्पर्धा १९७३-७४च्या हंगामात कुठे सुरू झाली होती. भारताच्या गाठीशी एकदिवसीय सामने होते दोन, आणि दोन्ही हरलेले. मुळात आंतरराष्ट्रीय एकदिवसीय क्रिकेटच चार वर्षांचं होतं. जानेवारी १९७१मध्ये मेलबर्नची कसोटी पावसाने वाहून गेली, म्हणून ऑस्ट्रेलिया-इंग्लंड यांच्यात चाळीस षटकांचा सामना उरकला गेला, तीच त्याची सुरुवात. शिवाय लॉर्ड्सनंतर चारच दिवसांनी याच गावसकरांनी पूर्व आफ्रिकेविरुद्ध नाबाद ६५ केल्या आणि भारत दहा गडी राखून जिंकला. ती खेळी कुणी आठवत नाही.

दफ्तरातलं असं बरंच काही कुणी आठवत नाही. पहिला विश्वचषक १९७५चा, असं आपण सर्रास म्हणतो. बायकांचा विश्वचषक त्याआधी दोन वर्षं, १९७३ साली, इंग्लंडमध्येच पार पडला होता. रेचेल हेहो-फ्लिंट यांचा पुढाकार आणि जॅक हेवर्ड या धनिकाचे चाळीस हजार पौंड यांवर तो उभा राहिला. एकदिवसीय सामन्यांतलं पहिलं द्विशतकही सचिन तेंडुलकरचं नव्हे. त्याचं ग्वाल्हेरचं द्विशतक २०१०चं. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ केल्या त्या डिसेंबर १९९७मध्ये, विश्वचषकाच्याच सामन्यात. आणि कुठे? वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर. सचिन ज्या साहित्य सहवासात वाढला, तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर!

१९८३ची कहाणी घराघरात पाठ आहे : टनब्रिज वेल्सला ५ बाद १७वरून कपिल देवचे नाबाद १७५, मग लॉर्ड्सवर १८३ धावा राखून वेस्ट इंडीजला १४०त गुंडाळणं. तिचं शेपूट मात्र नागपूरपर्यंत येतं. त्या वेळी क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते नागपूरचे एन. के. पी. साळवे. अंतिम सामन्याची जादा तिकिटं मागूनही मिळाली नाहीत, तेव्हा विश्वचषकच इंग्लंडबाहेर नेण्याचं त्यांनी मनावर घेतलं, असा किस्सा सांगतात. १९८७ची स्पर्धा भारत-पाकिस्तानात आली. इकडे दिवस लवकर मावळतो, म्हणून साठ षटकांची पन्नास झाली.

नागपूरला भारताचा गटातला शेवटचा सामना होता न्यूझीलंडशी. नुसतं जिंकून भागणार नव्हतं. गटात पहिलं यायचं तर ऑस्ट्रेलियाची धावगती ओलांडायला हवी होती. पहिले आलो तर उपांत्य सामना घरच्या वानखेडेवर, दुसरे आलो तर लाहोरला पाकिस्तानशी.

आधी चेतन शर्माने रदरफोर्ड, इयन स्मिथ आणि चॅटफिल्ड अशा तिघांच्या लागोपाठ दांड्या गुल केल्या. विश्वचषकातली ती पहिली हॅट्ट्रिक. न्यूझीलंड ९ बाद २२१. हे लक्ष्य ४२.२ षटकांत गाठायचं होतं.

अडतिशीचे गावसकर अंगात ताप घेऊन सलामीला आले. समोर श्रीकांत, म्हणजे एरवी फटकेबाजीचा मक्ता त्याच्याकडे. त्या दिवशी श्रीकांतने ५८ चेंडूंत ७५ केल्या, तरी लोकांची नजर दुसऱ्या टोकाला होती. चॅटफिल्डच्या एका षटकात गावसकरांनी सलग चार चेंडू सीमेपार धाडले : दोन षटकार, दोन चौकार. सामना ३२.१ षटकांत खलास. दहा षटकं शिल्लक! आयुष्यभर तंत्राची पोथी ज्याच्या नावाने वाचली गेली, त्याने ती तापाच्या भरात मिटून ठेवली म्हणायची. सामनावीराचा मान त्यांना चेतन शर्मासोबत वाटून मिळाला.

लाहोर टळलं, मुंबई मिळाली. ५ नोव्हेंबरला वानखेडेवर इंग्लंडच्या ग्रॅहम गूचने मणिंदर सिंग आणि रवी शास्त्रीला स्वीपवर स्वीप मारत ११५ केल्या. गूचने त्या फटक्याचा आधी नेटमध्ये कसून सराव केला होता. भारतापुढे २५५चं लक्ष्य होतं. ज्यांच्या बॅटीने हा सामना घरी आणला, ते गावसकर फिलिप डिफ्रेटसच्या चेंडूवर त्रिफळाचीत झाले ते ४ धावांवर. भारत ३५ धावांनी हरला.

त्यानंतर गावसकर भारताकडून खेळले नाहीत. एकदिवसीय सामने १०८, शतक एकच, नागपूरचं.