सेना, फौज, पलटण : सैन्य कशाने होतं?

तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या फाटकावर बंदूक घेतलेला जवान उभा असतो. बोईसरमध्ये कुणालाही विचारा, बरेच जण म्हणतील, ‘मिलिटरीवाला’. तसं नाही. तो केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा. १९६८च्या कायद्याने झालेलं हे दल गृह मंत्रालयाच्या हाताखाली आहे, संरक्षण मंत्रालयाच्या नाही. गणवेश आहे, हत्यार आहे, कवायत आहे. तरी ते सैन्य नव्हे. मग सैन्य कशाने होतं?

शब्दांकडून फारशी मदत होत नाही. सेना आणि सैन्य संस्कृतातले, फौज अरबी, लष्कर फारसी, आणि पलटण गोऱ्यांबरोबर आली. पुण्यात लष्कर हा चक्क शहराचा एक भाग आहे. आणि ‘पोरांची पलटण घेऊन आलो’ असं तर आपण लग्नाला गेल्यावरही म्हणतो!

संख्येनेही होत नाही. सकाळी पालघर स्टेशनात डहाणूहून येणाऱ्या लोकलला जेवढी माणसं असतात, तेवढी जुन्या काळी एखादा किल्ला घ्यायला पुरली असती.

आता तारापूरचाच किल्ला घ्या. जानेवारी १७३९मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला. बाजी भिवराव रेठरेकर तिथे पडले. त्यांच्यावर ज्याने गोळी झाडली, त्याचं बाजीरावांशी... म्हणजे या बाजींशी, पेशव्यांशी नव्हे, काय वैर होतं? काहीच नाही. माझ्या मते खरी खूण इथे आहे. फाटकावरचा जवान घुसखोराला अडवतो. समोरच्याने काहीतरी केलेलं असावं लागतं. सैनिक समोरच्याला मारतो ते त्याने गुन्हा केला म्हणून नाही, तो पलीकडच्या बाजूचा आहे म्हणून. एवढा भयंकर परवाना राज्य देतं, आणि म्हणूनच हुकूम, शिस्त, कोर्ट मार्शल या गोष्टी त्याच्याभोवती घट्ट आवळलेल्या असतात.

मग आपल्या तालुक्यातली भूमी सेना? सत्तरच्या दशकात काळूराम धोदडे यांच्या नेतृत्वाखाली आदिवासींनी ती उभी केली. सावकारांच्या घशात गेलेल्या जमिनी सोडवायला आणि वेठबिगारी मोडायला. राज्याचा परवाना नाही, कोर्ट मार्शल नाही. कंटाळलेला माणूस उद्या सकाळी घरी जाऊ शकत होता. माझ्या व्याख्येत ती बसत नाही, हे उघड आहे.

पण प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये सॉक्रेटिस विचारतो, की नगर असो, सैन्य असो की चोरांची टोळी, आपापसात अन्यायाने वागले तर त्यांच्या हातून एक तरी काम होईल का? म्हणजे सैन्याला लागणारी एक गोष्ट परवान्याच्या आधीची आहे : शेजारी उभा असलेला आपल्याला दगा देणार नाही, हा भरवसा. ज्या वेठबिगाराला मालकाच्या दारात एकट्याने मान वर करता येत नव्हती, त्याने ‘सेना’ हा शब्द उचलला तो याच्यासाठी. आज कुठलीही टोळी स्वतःला सेना म्हणवते, तेव्हा तिला यातला भरवसा हवा आहे की तो परवाना, एवढं मात्र आपण विचारायला हवं.