वेगळी चूल मांडावी का? : विदर्भाच्या मागणीबद्दल थोडं समजून घेऊ

बचत गटाच्या बैठकीत आपण कर्ज, हप्ते, पापड-मसाला यांवर बोलतो. आज जरा वेगळा विषय घेऊ. मुक्ताईनगरच्या पलीकडे मलकापूर लागलं की विदर्भ सुरू होतो. तिथे बऱ्याच वर्षांपासून वेगळ्या राज्याची मागणी आहे. ती नेमकी काय आहे?

आधी एक फरक लक्षात ठेवू. वेगळं राज्य म्हणजे वेगळा देश नाही. ब्रिटनमधल्या स्कॉटलंडने 18 सप्टेंबर 2014 ला मतदान घेतलं, ते वेगळा देश व्हावा का यासाठी. सुमारे 55 टक्के लोकांनी ‘नको’ म्हटलं, 45 टक्क्यांनी ‘हवा’. विदर्भवाद्यांना भारतातच राहायचं आहे, फक्त घरातली चूल वेगळी हवी आहे.

मागणी आली कुठून? 1956 पर्यंत नागपूर हे मध्य प्रदेशची राजधानी होतं. 1953 साली मराठी पुढाऱ्यांनी नागपूर करार केला. त्यात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्या आणि वर्षातून एक अधिवेशन नागपूरला, असं ठरलं. 1955 साली फाजल अली आयोगाने मात्र वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती मान्य झाली नाही. 1 मे 1960 ला विदर्भ महाराष्ट्रात आला.

अधिवेशन नागपूरला भरतं, पण बाकीचं पुरं मिळालं नाही, अशी तक्रार राहिली. 1984 साली दांडेकर समितीने सिंचन, रस्ते, शाळा यांत कोणता भाग किती मागे आहे ते मोजलं. त्यालाच आपण ‘अनुशेष’ म्हणतो.

वेगळं राज्य हवं म्हणणारे सांगतात: मुंबई आठशे किलोमीटरवर आहे. कोळसा आमचा, वीज आमच्याकडे तयार होते, जंगल आमचं, पण निर्णय तिकडे होतात. नको म्हणणारे सांगतात: मराठी माणसांचं एक राज्य व्हावं म्हणून संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शंभरावर माणसांनी जीव दिला. शिवाय मुंबईचा महसूल सुटला तर खर्च कसा भागणार? वऱ्हाडातले काही जण तर विचारतात, आज मुंबई, उद्या नागपूर, आमच्या वाट्याला काय?

निर्णय कोण घेतं? संविधानाच्या कलम 3 नुसार संसद. राज्याच्या विधानसभेचं मत मागवतात, पण ते बंधनकारक नसतं. स्कॉटलंडसारखं लोकांचं मतदान घेण्याची तरतूद या कलमात नाही. 2014 साली तेलंगणा असंच संसदेच्या कायद्याने झालं.

आता आपल्या खानदेशाचं. 1994 साली तीन विकास मंडळं झाली: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. जळगाव, धुळे, नंदुरबार तिसऱ्यात गेले, पुणे-कोल्हापूरच्या पंगतीला. सगळ्यांची मिळून सरासरी काढली की पुण्याच्या कालव्यांत आपली कोरडी विहीर झाकली जाते. म्हणून विदर्भाचा वाद आपण ‘त्यांचं ते बघतील’ म्हणून सोडू नये.

वाटणीचा अनुभव आपल्यालाही आहे. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. अक्कलकुवा-धडगावच्या बायांना जिल्ह्याच्या कामासाठी धुळ्यापर्यंत जायची गरज उरली नाही, हा फायदा खराच. पण कचेरी जवळ आली म्हणजे दवाखान्यात डॉक्टर आला असं नाही. त्यासाठी ग्रामसभेत उभं राहून विचारावंच लागतं.

आम्ही इथे बाजू घेत नाही. पुढच्या बैठकीत तुम्हीच तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गावाचे कोणते निर्णय दूर होतात? ते जवळ आले तर कोणाच्या हाती येतील, बायांच्या की त्याच चार घरांच्या? आणि वेगळं झाल्यावर खर्चाला पैसा कुठून येईल? जी बाई गटाचा हिशेब ठेवते, तिला हे प्रश्न अवघड नाहीत. चर्चेत काय निघालं ते वहीत लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा.