इंधन पंप, मोटारगाडीतील

मोटारगाडीच्या टाकीतील इंधन ठराविक दाबाने व अखंडपणे एंजिनाकडे पोहोचविणारे साधन. एंजिनाची शक्ती मूळ आराखड्यापेक्षा वाढवावयाची असल्यास पंप, नळ्या, गाळणी, दाबनियंत्रक आणि अंतःक्षेपक (इंधनाचा फवारा सोडणारी तोटी) यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

कुर्ला (मुंबई) येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी या गाडीत कॅमदंडावर चालणारा पडद्याचा यांत्रिक पंप असे. कार्ब्युरेटरला अल्प दाब पुरत असल्याने तो पुरेसा होता. मात्र एंजिनाच्या उष्णतेने त्यात पेट्रोलची वाफ धरे व गाडी घाटात बंद पडे. पंपावर ओले फडके ठेवून बसणारे चालक खंडाळ्याच्या घाटात एके काळी नेहमीचे दृश्य होते. अंतःक्षेपण पद्धतीत विजेवर चालणारा पंप टाकीतच बुडवून ठेवतात. भोवतीच्या पेट्रोलमुळे तो थंड राहतो. म्हणूनच टाकी वारंवार रिकामी होऊ देणे पंपाला घातक ठरते.

शक्तिवर्धनात पंपाची क्षमता अंदाजाने ठरवू नये. १५० किवॉ. शक्तीच्या टर्बोचार्जरयुक्त पेट्रोल एंजिनाला पूर्ण भारावर दर किवॉ. तासास ३४० ग्रॅ. इंधन लागते असे धरल्यास ताशी ५१ किग्रॅ., म्हणजे सुमारे ६८ लि., पेट्रोल पुरवावे लागते. शक्ती २२५ किवॉ. केल्यास सुमारे १०३ लि. पंपावर छापलेला आकडा मात्र विशिष्ट दाब व विद्युत् दाब यांपुरताच खरा असतो. टर्बोचार्जरने अंतर्ग्रहण नळीतील दाब १ बार वाढविला, तर अंतःक्षेपकाच्या दोन्ही बाजूंतील दाबांतर ३ बार राखण्यासाठी पंपाला ४ बार दाबाविरुद्ध काम करावे लागते आणि त्याचा प्रवाह घटतो. बारीक तारांमुळे पंपाला १३·५ ऐवजी १२ व्होल्टच मिळाले, तर तो आणखी घटतो. नवा पंप बसवून जुन्याच तारा ठेवणे ही यातील सर्वांत सामान्य चूक होय. जाड तारा व स्वतंत्र रिले यांचा खर्च पंपापेक्षा कमी असतो. उलट, अवाजवी मोठा पंप बसविल्यास परतीच्या नळीतून जादा पेट्रोल सतत फिरून टाकी तापते व दाबनियंत्रकाला दाब आवरत नाही.

पुरवठ्यातील तूट गॅरेजमध्ये उभ्या गाडीत दिसत नाही. ती पूर्ण भारावर प्रकट होते : मिश्रणात इंधन कमी पडते, ज्वलनाचे तापमान वाढते, ठोके बसू लागतात आणि काही सेकंदांत दट्ट्याचा माथा वितळू शकतो. त्यामुळे भारावर इंधनाचा दाब व हवा-इंधन प्रमाण मोजल्याखेरीज काम पूर्ण झाले असे मानू नये. मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांवर मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ चे निर्बंधही आहेत.

बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यातून दर हंगामात मजूर कोयते घेऊन साखर कारखान्यांकडे जातात; ते जो ऊस तोडतात, तशाच उसापासून मिळणाऱ्या एथेनॉलने आता हा प्रश्न साध्या गाड्यांपर्यंत आणला आहे. १ किग्रॅ. पेट्रोल पूर्ण जळण्यास १४·७ किग्रॅ. हवा लागते, तर १ किग्रॅ. एथेनॉलला केवळ ९ किग्रॅ. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी शुद्ध एथेनॉल घनफळाने सुमारे दीडपट लागते. २०२३ पासून विक्रीस आलेल्या २० टक्के मिश्रणात ही वाढ ७-८ टक्के असते व बहुतेक पंप ती सहज पेलतात. परंतु आधीच शक्ती वाढविलेल्या गाडीत राखीव क्षमता तेवढीही उरलेली नसते. एथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व पडदे यांना अपाय करते. त्यासाठी पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेत अशा मिश्रणाच्या चाचण्या घेण्यात आल्या. जुन्या टाकीतील साका एथेनॉलमुळे सुटून गाळणीत अडकतो. तेव्हा अशा गाडीत मिश्रण प्रथमच वापरल्यावर गाळणी लवकर बदलावी.