सात, तेरा, सोळा... हे ठरवतं कोण?

सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यावर एक सर्टिफिकेट येतं, आठवतंय? त्यावर सिनेमाचं नाव असतं, भाषा असते आणि ठळक अक्षरांत 'यू', 'यूए १३+' असं काहीतरी. वाचेपर्यंत ते गायबही होतं!

ते देतं केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ. मोठी माणसं त्याला अजून 'सेन्सॉर बोर्ड'च म्हणतात. पुण्यात काढलेला सिनेमाही त्यासाठी मुंबईला पाठवावा लागतो. तिथे एक समिती तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बघते. समितीत बायका असायलाच हव्यात, असा नियम आहे. मारामारी किती वेळ चालते? रक्त दिसतं का? खलनायकाचं वागणं भारी वाटेल असं दाखवलंय का? सिनेमा संपला की प्रत्येक जण आपलं मत लिहून देतो. सिनेमा चांगला की वाईट, हे मात्र कोणी विचारत नाही. तो कोणी बघायचा आणि त्यातलं काही कापायला सांगायचं का, हे ठरवायचं असतं.

पण त्यात वय कशाला? त्यावर शास्त्रज्ञांनी एक झकास प्रयोग केलाय. अमेरिकेत १९८६ साली स्पार्क्स आणि कँटर या दोघांनी मुलांना 'हल्क' मालिकेतला भाग दाखवला. त्यात एक साधा माणूस चिडला की हिरवागार राक्षस होतो, पण लोकांना मदतच करतो. बालवाडीतली मुलं नेमकी तो हिरवा झाल्यावर घाबरली. मोठ्या मुलांना तेव्हा तेवढी भीती वाटली नाही, कारण हा तोच भला माणूस आहे हे त्यांना कळत होतं. लहानपणी भीती डोळ्यांतून शिरते. जे भयानक दिसतं, ते भयानकच!

'यू' म्हणजे सगळ्यांसाठी, तर 'ए' म्हणजे फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी. आईबाबांचा हात धरून गेलात तरी आत सोडत नाहीत. 'यूए'चं तसं नाही, तिथे आकडा घरच्यांसाठी असतो. नेऊ की नको, हे त्यांनी ठरवायचं. तेव्हा तुम्हाला कशाची भीती वाटते, ते त्यांना जरूर सांगा.

पूर्वी मात्र सेन्सॉरला मुलांची काळजी नव्हती, तर इंग्रज सरकारची होती. त्याची गोष्ट आपल्या पुण्यातलीच आहे. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे तेव्हा प्रभात कंपनीचा स्टुडिओ होता. १९३५ साली व्ही. शांताराम यांनी तिथे संत एकनाथांवर सिनेमा काढला. एकनाथ झाले होते चक्क नाटकांत स्त्रियांच्या भूमिका गाजवणारे बालगंधर्व! नाव ठेवलं 'महात्मा'. सेन्सॉर अडून बसलं, कारण महात्मा म्हटलं की लोकांना आठवणार गांधीजी! शेवटी प्रभातने नाव बदलून 'धर्मात्मा' केलं. ज्यांना अस्पृश्य म्हणून दूर ठेवलं जायचं, त्यांना जवळ करणाऱ्या संताची ही गोष्ट. तिचं नावसुद्धा सरकारला सोसवलं नाही, याचा मला आजही राग येतो.

वयाचा विचार कायद्यात आला तो १९४९ साली. तेव्हा 'यू' आणि 'ए' एवढे दोनच प्रकार होते. १९८३ साली 'यूए' आलं, पण तेही बारा वर्षांखालच्या सगळ्यांसाठी एकच. सहा वर्षांचा बंटी आणि अकरा वर्षांची ताई एकाच रांगेत! सात, तेरा, सोळा हे आकडे आले अगदी अलीकडे, २०२४ साली.